हिवाळा, कॅमेरा आणि माझी माय

दरवर्षी डिसेंबर उजाडला, की मी कपाटाच्या वरच्या खणातून मामांचा जुना कॅमेरा खाली काढतो. मऊ फडक्याने भिंग पुसतो, रोल भरतो आणि रविवारी पहाटे अंधार असतानाच गावाच्या वाटेला लागतो. घरात आता सगळ्यांना याची सवय झाली आहे. पत्नी म्हणते, "निघाले का थंडीचे फोटो काढायला?" मुलगी मात्र दरवर्षी एकच प्रश्न विचारते, "पप्पा, मोबाईलवर शंभर फोटो फुकट निघतात. तुम्ही बारा फोटोंसाठी हजार रुपये कशाला घालवता?"

प्रश्न बरोबर आहे. माझ्यासारख्या कारकुनाला हजार रुपये काही लहान रक्कम नाही. रोल, तो धुण्याची औषधे आणि फोटोचा कागद धरला तर खर्च तेवढा होतोच. मुलीला मी आजवर हसून टाळले. आज या पानावर उत्तर देतो. ती वाचील आणि तिच्या वयाची आपली इतर मुलेही वाचतील.

आमचे मामा मुंबईला रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला होते. त्यांनी पोटाला चिमटा काढून एक कॅमेरा घेतला होता. अग्फा क्लिक थ्री. त्या काळी हा कॅमेरा आपल्याच देशात, बडोद्याला तयार होत असे. दिसायला काळी चौकोनी डबी. ना बॅटरी, ना काटा. ऊन असेल तर उन्हाच्या खुणेवर कळ ठेवायची, ढगाळ असेल तर ढगाच्या. मागच्या बाजूला एक लाल काचेची बारीक खिडकी. रोल गुंडाळला की तिच्यात आकडा दिसतो. एक, दोन, तीन करत बारापर्यंत. बारा फोटो झाले की रोल संपला. गुंडाळायचे विसरले तर एका फोटोवर दुसरा फोटो बसतो आणि दोन्ही वाया जातात.

मामा दरवर्षी ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर बाबासाहेबांना अभिवादन करून आमच्या गावी येत. आठ दिवसांची रजा असे. येताना एक रोल आणत. आमचे गाव माजलगावपासून दहा-बारा किलोमीटरवर, सिंदफणा नदीच्या अंगाला. मामा आले की साऱ्या वस्तीतली पोरे त्यांच्या मागे. बारा फोटो ते आठ दिवस पुरवून पुरवून काढत. रोल मुंबईला धुतला जाई आणि फोटोंचे पाकीट फेब्रुवारीत टपालाने येई. पाकीट आले की आजी पोस्टमनला गूळ-पाणी दिल्याशिवाय जाऊ देत नसे.

ते फोटो आजही आमच्या पत्र्याच्या पेटीत आहेत. आजी शेकोटीजवळ बसलेली. मी आणि धाकटी बहीण एका घोंगडीत. हुरड्याला आलेल्या शाळूचे रान आणि त्यात पाखरे राखायची माचण. वस्तीच्या तोंडाशी निळा झेंडा. आणि एक खास फोटो आहे. १४ जानेवारी १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले. सोळा-सतरा वर्षांचा लढा, जाळलेली घरे, गेलेले जीव, आणि मग तो दिवस. मामांनी त्या वर्षी रजा वाढवून घेतली होती. त्यांनी साऱ्या वस्तीला झेंड्याखाली उभे केले आणि फोटो काढला. म्हातारी माणसे रडत होती आणि हसतही होती. फोटोत ते दोन्ही दिसते.

पण वाचक बंधू-भगिनींनो, या साऱ्या फोटोंत माझी माय नाही आणि दादाही नाहीत. एकाही फोटोत नाहीत.

कारण अगदी साधे आहे. मामा यायचे हिवाळ्यात, आणि माय-दादा गावात असायचे उन्हाळ्यात. बीड जिल्ह्यातल्या माणसाला याहून जास्त सांगायची गरज नाही. दसरा झाला की मुकादम यायचा. उचल आधीच घेतलेली असायची. दिवाळीच्या पुढेमागे ट्रक लागायचे. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या कोयत्याला आपापले नावसुद्धा नसते, मुकादमाच्या वहीत नुसता आकडा. मग पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या नाहीतर कर्नाटकातल्या कुठल्या तरी कारखान्याच्या फडात. उन्हाळ्याच्या तोंडाशी माणसे परत येणार, तोवर घराला कुलूप, नाहीतर घरात आजी आणि लेकरे. नामविस्ताराची बातमी माझ्या माय-दादांना फडात दोन दिवसांनी कळली. दादा सांगत, त्या रात्री त्यांनी उसाच्या चिपाडाची शेकोटी मोठी केली, एवढाच त्यांचा जल्लोष.

माय २००७ साली गेली. जलदान विधीच्या दिवशी तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेशेजारी तिचा फोटो ठेवायचा होता. पेटी उपसली, तरी फोटो सापडेना. शेवटी तिचे मतदार ओळखपत्र सापडले. त्यावरचा पोस्टाच्या तिकिटाएवढा फोटो मी गावातल्या स्टुडिओत मोठा करून आणला. मोठा केला तसा तो विरत गेला. डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपके राहिले. आत्याने पाहिले आणि म्हणाली, "ही आपली वाटत नाही रे." तोच फोटो आजही भिंतीवर आहे. मी बी.कॉम. झालेला माणूस. दिवसभर दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या नीट ठेवतो. एक व्हाउचर हरवले तर चार दिवस शोधतो. आणि माझ्या स्वतःच्या आईची नोंद माझ्याजवळ नव्हती.

मामा निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी त्यांनी तो कॅमेरा माझ्या हाती दिला. म्हणाले, "माझ्याकडून जे राहिलं ते तू कर." काय राहिले ते त्यांनी सांगितले नाही. सांगायची गरजही नव्हती.

तोवर रोलचे दिवस संपत आले होते. उटीला १९६० साली सरकारने हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा कारखाना काढला होता. त्याचे 'इंदू' नावाचे रोल देशभर मिळत. तो कारखाना बंद पडला. जगात सगळ्यांत मोठे नाव असलेल्या कोडॅक कंपनीनेही जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. आमच्याकडचे स्टुडिओवाले रोल धुणे विसरले. एकाने तर दुकानच बंद केले आणि त्याचा पेंटॅक्स के-१००० मला स्वस्तात दिला. हा कॅमेरा १९७६ ते १९९७ या काळात तयार होत होता. त्यातली बॅटरी फक्त उजेड मोजायच्या काट्यासाठी. बॅटरी संपली तरी कॅमेरा चालतो.

आता रोल मुंबई-पुण्याहून मागवावा लागतो. कोडॅकचे, इंग्लंडच्या इल्फर्डचे रोल अजून निघतात. मी कृष्णधवल रोल वापरतो, कारण तो घरी धुता येतो. ते काम मी पुस्तके वाचून आणि चार रोल नासवून शिकलो. शिकताना एक गोष्ट ध्यानात आली. रोल धुण्याच्या औषधाचे तापमान २० अंश लागते. आमच्या मराठवाड्यात उन्हाळ्यात नळाचे पाणीच त्याहून कितीतरी गरम असते. बर्फ घालून पाणी थंड करावे लागते आणि जरा चूक झाली की फिल्मचा थर मऊ पडतो. हिवाळ्यात मात्र रात्री माठातले पाणी आपोआप त्या अंशाच्या आसपास येते. म्हणून मी रोल हिवाळ्यातच काढतो आणि हिवाळ्यातच धुतो. मुले झोपली की न्हाणीघराच्या फटी घोंगडीने बुजवायच्या, अंधारात रोल डब्यात भरायचा, आठ-दहा मिनिटे औषध, मग पाणी, मग हायपो. शेवटी ओली फिल्म दिव्याकडे धरली, की उलटी चित्रे दिसतात. काळे ते पांढरे आणि पांढरे ते काळे. मला वाटते, आपल्या समाजाच्या माणसाला ही उलटी चित्रे लवकर वाचता येतात.

हिवाळ्याचे दुसरे कारण उजेडाचे. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर येतो, सगळे पांढरे फटक दिसते आणि माणसाच्या डोळ्यांखाली काळी सावली पडते. पौषात सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. सकाळी सात-सव्वासातला तो रानावर तिरपा येतो. शाळूच्या प्रत्येक ताटाची लांब सावली पडते. ढेकूळसुद्धा उठून दिसते. सिंदफणेवरचे माजलगावचे धरण १९८७ साली पूर्ण झाले. थंडीच्या दिवसांत त्याच्या पाण्यावर धुके धरते आणि काठाच्या बाभळी पाण्यात उभ्या असल्यासारख्या दिसतात. करडईच्या काटेरी पानांवर दव असते. हरभऱ्याच्या रानात अजूनही एखादी म्हातारी रात्री फडके पसरून ठेवते आणि पहाटे ते पिळून आंब बाटलीत भरते, पोटदुखीवर औषध म्हणून. हे सारे फोटोत येते.

ज्यांना शिकायचे आहे त्यांच्यासाठी नियम सोपा आहे. रोल १०० नंबरचा असेल आणि ऊन स्वच्छ असेल, तर भिंगाचे छिद्र १६ वर ठेवा आणि शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागावर. सकाळी कोवळे ऊन असेल तर छिद्र दोन-तीन घरे मोठे करा. धुके असेल तर आणखी एक घर. कॅमेरा थंडीतून एकदम उबदार घरात आणला तर भिंगावर वाफ धरते. म्हणून तो पिशवीतच थोडा वेळ राहू द्यावा. आणि कळ दाबताना श्वास रोखून धरावा. आनापानसती शिकलेल्या माणसाला हे जमायला हरकत नाही.

पहिली तीन-चार वर्षे मी असेच फोटो काढले. धुके, बाभळी, माचण, पाण्यावरचे पाहुणे पक्षी. एकदा वर्षावासानंतरच्या एका कार्यक्रमात ते विहारात दाखवले. सगळ्यांनी वाहवा केली. शेवटी एक जुने कार्यकर्ते चष्मा पुसत म्हणाले, "फोटो छान आहेत. पण आपली माणसं कुठं आहेत?"

मी गप्प बसलो. घरी येऊन फोटो परत पाहिले. खरोखरच, मी गावाचे कॅलेंडर तयार केले होते. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत घटनेचा मसुदा मांडताना, खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना खडे बोल सुनावले होते. खेडे लांबून सुंदर दिसते. पण ते वेशीच्या आत उभे राहून पाहायचे की वेशीबाहेरच्या आपल्या वस्तीतून पाहायचे, हा प्रश्न आहे. कॅमेरा घेतलेल्या माणसाला तो चुकत नाही. मी वस्तीतला माणूस. तरी मी लांबून पाहणाऱ्याच्या जागी जाऊन उभा राहिलो होतो. माझ्या फोटोतले रिकामे रान सुंदर दिसत होते. ते रिकामे का आहे, हे फोटो सांगत नव्हता.

मग पुढच्या हिवाळ्यात मी वस्तीतली कुलपे काढू लागलो. एका ओळीत नऊ दारे, नऊ कुलपे. दारांवरची निळी रेघ आणि अंगणात वाळलेली तुळस नाही, वाळलेले झेंडूचे रोप. मला वाटले, आता माझे फोटो खरे बोलू लागले. मी कॅमेरा डोळ्याला लावून उभा होतो, तेवढ्यात शेजारची मावशी काठी टेकत आली.

"काय करायलास बाबा? कुलपाचा फोटू काढायलास का?"

मी म्हणालो, "हो मावशी. माणसं गेली की वस्ती कशी होते, ते लोकांना दाखवायचंय."

मावशी म्हणाली, "कुलपाला काय, ते जागचं हलतंय का? माणसं हायेत तवा ये. पोराचा अन् सुनंचा काढ. मला कुलूप दावून काय करतूस, मला रोजच दिसतंय ते."

हे ऐकून मी कॅमेरा खाली घेतला. मावशीने मला जे सांगितले ते मला माझ्या भिंतीवरच्या फोटोने सांगायला हवे होते. मामांनी आमच्या वस्तीचा हिवाळा काढला होता आणि मीही हिवाळाच काढत होतो. ज्यांच्यावाचून हिवाळा रिकामा होतो, ती माणसे दोघांच्याही हातून सुटली होती.

या गोष्टीवर मी वाचू लागलो. अमेरिकेत १९३६ साली डोरोथिया लँग या बाईंनी एक फोटो काढला. तो जगभर गाजला. कॅलिफोर्नियात निपोमो नावाच्या गावाजवळ वाटाणा तोडणाऱ्या मजुरांचा तळ होता. थंडीपावसाने पीक गेले होते, मजुरी बुडाली होती. एक आई आपली लेकरे कुशीत घेऊन बसली होती. लँगबाईंनी काही फोटो घेतले आणि त्या गेल्या. फोटो वर्तमानपत्रात आला, तळावर सरकारी मदत गेली. पण त्या आईचे नाव लँगबाईंनी विचारले नव्हते. ते जगाला कळले १९७८ साली, बेचाळीस वर्षांनी. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. ती मूळची आदिवासी, चेरोकी समाजाची. आपल्या चेहऱ्याचा फोटो साऱ्या जगाने पाहिला आणि आपल्याला त्यातून काही मिळाले नाही, ही तिची तक्रार होती.

दुसरी गोष्ट गॉर्डन पार्क्स या कृष्णवर्णीय छायाचित्रकाराची. त्यांनी जुन्या मालाच्या दुकानातून एक कॅमेरा विकत घेतला आणि स्वतःच शिकले. १९४२ साली वॉशिंग्टनमध्ये एका सरकारी कचेरीत झाडलोट करणारी बाई त्यांना भेटली. पार्क्स यांनी आधी तिच्याशी बोलणे केले, तिची हकीकत ऐकली. मग तिला देशाच्या झेंड्यासमोर झाडू हातात देऊन उभे केले. पुढे ते तिच्या घरी गेले, तिच्या नातवंडांचे फोटो काढले. तिचे नाव एला वॉटसन.

आपल्या महाराष्ट्रातही असे काम झाले आहे. मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे सुधारक ओलवे यांनी कृष्णधवल फोटोंतून लोकांपुढे ठेवले. ज्या कामाकडे शहर नाक दाबून पाठ फिरवते, ते काम करणाऱ्या माणसांजवळ ते जाऊन उभे राहिले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या साऱ्यांतून मी एक नियम केला. नाव विचारल्याशिवाय कळ दाबायची नाही. आणि फोटोची पहिली प्रत ज्याचा फोटो त्याला.

आता माझा हिवाळा डिसेंबरात सुरू होत नाही. तो धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर सुरू होतो. ट्रक लागायच्या आधी मी वस्तीत जातो. ज्या जोडप्यांची इच्छा असेल त्यांना त्यांच्याच दारात उभे करतो. काही जणी नवे लुगडे नेसतात. काही जण कोयता हातात घेतात, काही म्हणतात, "कोयता नको, तो सहा महिने हातातच राहायचाय." मी ज्याचे त्याच्यावर सोडतो. बारा फोटोंमध्ये बारा घरे. एक वाया गेला तर एक घर गेले, म्हणून हात जपून चालतो. रात्री रोल धुतो आणि ट्रक निघण्याआधी प्रती देतो. एक प्रत त्यांच्याबरोबर खोपीत जाते, एक घरी राहते. मागे शिसपेन्सिलीने दोघांचे पूर्ण नाव, तारीख आणि वस्तीचे नाव लिहितो. मुकादमाच्या वहीत ते कोयता असले तरी माझ्या वहीत त्यांची दोघांची दोन नावे आहेत.

आणि मग डिसेंबरात मी त्याच वाटेने परत जातो. तेच दार, तेच अंगण, पण आता कुलूप. तिरपे ऊन, धुके, हुरड्याचे रान, सगळे तसेच सुंदर. तो फोटो काढतो आणि दोन्ही एका पानावर लावतो. डावीकडे माणसे, उजवीकडे त्यांच्यावाचूनचा हिवाळा. आता मला कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

या कामात चुकाही झाल्या. एका वर्षी मामांच्या कॅमेऱ्याचे मागचे झाकण पिशवीत उघडले आणि उजेड आत शिरला. सहा फोटो पांढरे झाले. त्यांत एका आजोबांचा फोटो होता. होळीच्या आधी ते गेले. त्यांचा मुलगा फडावरून आला आणि फोटो मागायला माझ्या दारी उभा राहिला. मला हात जोडून नाही म्हणावे लागले. त्याच्या तोंडाकडे पाहताना मला जलदान विधीच्या दिवशीचा मीच दिसत होतो. तेव्हापासून मी प्रत्येक माणसाचा एक फोटो मोबाईलवरही काढतो. जुन्या कॅमेऱ्याचा अभिमान धरून कुणाचा चेहरा गमावण्यात शहाणपण नाही.

मग मुलीचा प्रश्न उरतोच. मोबाईल आहे, तर रोल कशाला?

एक कारण कारकुनाचे आहे. मोबाईल पाण्यात पडला आणि आमच्या भाच्याचे लग्नाचे सारे फोटो गेले. निगेटिव्ह हे मूळ व्हाउचर आहे. ते लिफाफ्यात घालून, नाव-तारीख लिहून कोरड्या डब्यात ठेवले, तर तीस-चाळीस वर्षांनीही त्यातून फोटो निघतो. मामांच्या १९९४ च्या निगेटिव्हवरून मी गेल्या वर्षी नवी प्रत काढली. झेंड्याखालच्या आजीच्या गालावरचे पाणीसुद्धा स्पष्ट आले.

दुसरे कारण असे, की बारा म्हणजे बाराच. मोबाईलवर मी शंभर फोटो काढतो आणि कुणाकडेही नीट पाहत नाही. बारा असले की प्रत्येक दारात थांबावे लागते. ओट्यावर बसावे लागते. चहा घ्यावा लागतो. किती उचल घेतली, कुठल्या कारखान्याला जाणार, लेकरे कुणाजवळ ठेवली, शाळेचे काय, बाईची तब्येत कशी आहे, हे सारे त्या थांबण्यात कळते. मागच्या तीन वर्षांत पाच लेकरे त्यामुळेच फडावर न जाता गावात आजीजवळ राहिली आणि शाळेत बसली, कारण फोटोच्या निमित्ताने आम्ही आधी बोललो होतो. कार्यकर्त्याला घरोघर जायला काहीतरी निमित्त लागते. माझे निमित्त हा डबा आहे.

अंगुत्तर निकायात एक कथा आहे. आळवी गावच्या शिंशपावनात, गाईंच्या वाटेवर, झाडाच्या पानांवर तथागत बसले होते. हत्थक नावाच्या उपासकाने विचारले, भगवान, हिवाळ्याची रात्र थंड आहे, गाईंच्या खुरांनी जमीन कठीण झाली आहे, पाने पातळ आहेत, वारा झोंबतो आहे, तुम्हांला झोप सुखाची लागली का? तथागत म्हणाले, होय, लागली. लोभ, द्वेष आणि मोह ज्याच्या मनात जळत असतात, त्याला महालातही झोप नसते. ही कथा मला फार आवडते. पण फडावरची खोपी पाहिली की मी स्वतःला बजावतो, तथागतांनी ते पानांचे अंथरूण स्वतः होऊन निवडले होते. माझ्या मायने खोपी निवडली नव्हती. उचलीने ती निवडली. पहाटे तीनला उठून ओल्या उसात उभ्या राहणाऱ्या बाईच्या थंडीला कुणी वैराग्य म्हणू नये. आणि तिच्या वस्तीवरच्या धुक्याला नुसतेच सुंदर म्हणू नये.

गेल्या जानेवारीत मी वस्तीत गेलो, तेव्हा तिसरीतला एक पोरगा पळत आला. दप्तरातून त्याने वही काढली. वहीच्या पहिल्या पानावर त्याने आई-वडिलांचा फोटो डकवला होता. त्याने फोटो उलटाही करून दाखवला, एका बाजूलाच डिंक लावला होता. मागचे अक्षर माझे. त्याने आईचे पूर्ण नाव मोठ्याने वाचले, मग वडिलांचे, आणि म्हणाला, "हे मला वाचता येतं." मी त्याचा फोटो काढला. वही छातीशी धरून, मागे शाळूचे रान. रोलमधला तो बारावा होता.

मुली, हे तुझे उत्तर.

समाजबांधवांनो आणि भगिनींनो, तुम्ही रोलचा कॅमेरा घ्यावा असे मी म्हणत नाही. पण या हिवाळ्यात एक रविवार काढा. घरातली पत्र्याची पेटी उघडा. जुन्या फोटोंमागे शिसपेन्सिलीने नावे लिहा. आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना विचारून लिहा. त्यांच्यानंतर सांगणारे कुणी नसते. आणि आपल्या घरी ज्या माणसाचा एकही धड फोटो नाही, तिला किंवा त्याला दारात तिरप्या उन्हात उभे करा आणि फोटो काढा. कागदावर छापून घ्या. बाबासाहेबांच्या प्रतिमेखाली आपल्या कष्टकरी माय-बापाचा चेहरा स्पष्ट दिसला पाहिजे. ओळखपत्रावरून मोठा केलेला नव्हे.

जयभीम!